मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आईचा डोळा घरी कसा सांभाळायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचं वय ७४, बरीच वर्षं मधुमेह, येत्या आठवड्यात उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. मुलगी पुण्यात नोकरीला, तिला चारच दिवस रजा. त्यानंतर गावी घरात आई आणि ७९ वर्षांचे वडील, दोघंच. शेजारच्या काकूंचा डोळा ऑपरेशननंतर 'पिकला' आणि गेला, तेव्हापासून आई घाबरली आहे. मुलगी विचारते, "चार दिवसांत मी काय काय करून ठेवू, म्हणजे मी निघाल्यावर काही बिघडणार नाही?"

ताई, काकूंच्या डोळ्यापासूनच सुरुवात करते, कारण आईच्या मनात तेच बसलंय. डोळा पिकला म्हणजे डोळ्याच्या आत जंतू शिरून पू झाला. हे क्वचित घडतं. अरविंद नेत्र रुग्णालयांनी सुमारे ६ लाख ऑपरेशनांचा हिशेब २०१७ मध्ये मांडला होता. ऑपरेशन संपताना डोळ्याच्या आत मॉक्सिफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक सोडायला सुरुवात केल्यावर हे प्रमाण ०.०७ टक्क्यांवरून ०.०२ टक्क्यांवर आलं, म्हणजे १० हजार डोळ्यांमागे सातावरून दोनावर. तुमच्या सर्जनना "हे औषध तुम्ही देता का?" असं खुशाल विचारा. चांगला डॉक्टर अशा प्रश्नाने दुखावत नाही.

पण ज्याच्या घरी घडतं त्याला या आकड्यांचा काय दिलासा? म्हणून मी इतकी वर्षं ऑपरेशनं करून जे पाहिलंय ते सांगते. घरी गेल्यावर बिघडलेले जे डोळे माझ्यासमोर आले, त्यांतल्या बहुतेकांच्या घरी एक गोष्ट सारखी घडली होती. त्रास सुरू झालेला सगळ्यांना कळला होता आणि एक-दोन दिवस वाट पाहिली गेली होती. कुणाचा बाजाराचा दिवस होता, कुणाच्या घरी पाहुणे होते, कुणी म्हणालं सोमवारी ओपीडीत दाखवू. एक आजोबा शुक्रवारी रात्री डोळा ठणकतो म्हणाले, मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून दिली, शनिवारी थोडं बरं वाटलं, सोमवारी आले तेव्हा डोळ्यासमोर हललेला हात तेवढा कळत होता. याउलट एका आजींना त्यांची नात त्याच संध्याकाळी रिक्षात घालून घेऊन आली. डोळ्याच्या आत इंजेक्शन दिलं, पुढे मोठ्या रुग्णालयात पाठवलं, आणि त्या आजी आज स्वतः पोथी वाचतात. इथे तास मोजावे लागतात.

आता तुमच्या रजेचं. हा जंतुसंसर्ग ऑपरेशनच्या दिवशी सहसा दिसत नाही. तो बहुतेक वेळा तिसऱ्या दिवसापासून पुढे, पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात डोकं वर काढतो. म्हणजे नेमकी तुम्ही पुण्याला परतल्यावर. ऑपरेशनच्या दिवशी आईजवळ दवाखान्याची माणसं असतात, त्या दिवसासाठी मावशी किंवा चुलतभाऊ चालेल. तुम्ही आधीच्या शनिवार-रविवारी जाऊन वडिलांना सगळं शिकवून या आणि रजेचे चार दिवस ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासून पुढे वापरा. तुम्ही निघाल तेव्हा निम्मा आठवडा पार पडलेला असेल आणि वडिलांचा हातही बसलेला असेल.

त्रास म्हणजे नक्की कुठला, हे वडिलांना एका वाक्यात सांगायचं: डोळा रोज कालच्यापेक्षा थोडा बरा असला पाहिजे. पहिले काही दिवस डोळ्यात खडा गेल्यासारखं खुपणं, पाणी येणं, उजेड सहन न होणं, पांढऱ्या भागावर लाल डाग, हे सगळं चालतं. नजरही पहिल्या दिवशी धूसर असू शकते, कारण बुबुळाला थोडी सूज असते. मोतीबिंदू फार जुना, कडक झालेला असेल आणि फेको मशीनऐवजी (ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून बारीक छेदातून काढणारं यंत्र) थोड्या मोठ्या छेदातून काढला असेल, तर ही सूज उतरायला आठवडाभर लागू शकतो. मात्र हे सगळं उतरणीला लागलेलं दिसायला हवं. बरा होत आलेला डोळा पुन्हा लाल झाला, ठणकायला लागला, पापणी सुजली, पू आला, नजर कालच्यापेक्षा मंद झाली, तर रात्रीचे अकरा असोत की दिवाळीचा पाडवा, फोन करायचा आणि निघायचं. पहिल्या एक-दोन दिवसांत डोळा आणि कपाळ जोरात दुखून उलटी झाली, तर डोळ्यातला दाब वाढलेला असू शकतो. घरचे त्याला पित्त समजतात. तेही त्याच दिवशी दाखवायचं. डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखं दिसणं, एकाएकी काळ्या ठिपक्यांचा पाऊस, किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली, ही डोळ्याच्या मागचा पडदा (रेटिना) सुटण्याची लक्षणं आहेत. जाड उणे नंबरचा चष्मा असलेल्यांना हा धोका जास्त.

"दुखत नाही, म्हणजे ठीक आहे" हा समज मला फार छळतो. या जंतुसंसर्गावर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला, १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या साधारण चौथ्या हिश्शाच्या रुग्णांना दुखतच नव्हतं. नजर मात्र जवळपास सगळ्यांची घटली होती. आणि नजर घटल्याचं म्हाताऱ्या माणसाला चटकन कळत नाही, कारण दुसऱ्या डोळ्याने भागत असतं. म्हणून रोज सकाळी एक मिनिटाची तपासणी करायची. भिंतीवरचं मोठ्या आकड्यांचं कॅलेंडर घ्या. आईची खुर्ची रोज त्याच फरशीवर ठेवा. ऑपरेशन न झालेला डोळा तळहाताने, न दाबता, झाकायचा आणि आजच्या तारखेचा आकडा वाचायचा. काल दिसला तो आज दिसत नसेल, तर दुखत असो नसो, डॉक्टरांना फोन. तुम्ही व्हिडिओ कॉलवर हे रोज करून घेऊ शकता. आईला "बरी आहेस ना?" विचारलंत तर ती "बरी आहे गं, तू काळजी करू नकोस" एवढंच म्हणेल. आकडा विचारा.

आता ड्रॉप. माझ्या मते घरच्या काळजीतला निम्म्याहून जास्त भाग हाच आहे, आणि दवाखान्यातून निघताना तो दोन मिनिटांत उरकला जातो. ड्रॉप घालायची सवय नसलेल्या, नुकतंच ऑपरेशन झालेल्या रुग्णांचं निरीक्षण करून कॅनडातल्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये ते प्रसिद्ध केलं होतं. दहातल्या नऊ जणांचं काही ना काही चुकत होतं: थेंब गालावर, नोजल पापणीला टेकलेलं, हात न धुतलेले. आपल्याकडे वेगळं चित्र असेल असं मला वाटत नाही. आईने स्वतः घालू नये. वडिलांचा हात थरथरत असेल तरी हरकत नाही, त्यावर उपाय आहे.

आईला पलंगावर उताणं झोपवा, उशी काढून टाका. वडिलांनी साबणाने हात धुऊन कोरडे करायचे. औषध दुधासारखं पांढरट असेल तर बाटली आधी चांगली हलवायची. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचं औषध तळाशी बसतं आणि न हलवता घातलं तर नुसतं पाणीच डोळ्यात जातं. झाकण उघडून स्वच्छ जागी उताणं ठेवायचं. आईने डोक्यामागच्या भिंतीकडे बघायचं. डाव्या हाताचं बोट गालाच्या हाडावर ठेवून कातडी हलकेच खाली ओढायची, म्हणजे दाब हाडावर पडतो, डोळ्यावर नाही. खालची पापणी सुटून आत एक छोटी खोबण दिसते. बाटली धरलेल्या हाताचं मनगट आईच्या कपाळावर टेकवायचं. थरथरणारा हात इथे स्थिर होतो. मग खोबणीत एक थेंब. नोजल पापणीला, केसांना, बोटाला, कशालाही लागू द्यायचं नाही. डोळा हळूच मिटायचा, गच्च आवळायचा नाही, दोन मिनिटं तसंच पडून राहायचं. गालावर ओघळलं तर गाल पुसायचा, डोळा पुसायचा नाही.

एक थेंब पुरतो. डोळ्यात मावतं त्याहून एका थेंबात सहसा जास्तच औषध असतं, दुसरा थेंब पहिल्याला वाहून नेतो. म्हणूनच दोन वेगळ्या औषधांमध्ये पाच मिनिटं थांबायचं. आधीच्या शनिवार-रविवारी जाल तेव्हा साधे डोळ्यांच्या कोरडेपणाचे ड्रॉप डॉक्टरांना विचारून आणा आणि वडिलांकडून आईच्या डोळ्यात दहा-बारा वेळा घालून घ्या. दोघं हसतील, चुकतील, आणि शिकतील.

बाटल्या ओळखणं हा पुढचा घोळ. तिन्ही पांढऱ्या, तिन्हींवर मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं. रबरबँड घ्या: अँटिबायोटिकला एक, स्टेरॉइडला दोन, सुजेवरच्या तिसऱ्या औषधाला तीन. अंधारात बोटांनीही कळतं. वेळा घड्याळापेक्षा घरच्या रिवाजाला बांधा, सकाळचा चहा, जेवण, दुपारचा चहा, दिवेलागण, झोपताना, आणि प्रत्येक वेळी त्याच कॅलेंडरवर रेघ मारायची. डोळ्यांची औषधं वेगळ्या डब्यात ठेवा. कानाचे ड्रॉप आणि झटपट चिकटणारा गम यांच्या बाटल्या अगदी अशाच दिसतात आणि लोकांनी ते डोळ्यात घातल्याची उदाहरणं आहेत. उघडलेली बाटली महिन्यानंतर टाकून द्यायची, औषध उरलं असलं तरी. शेजारणीची उरलेली तर नकोच.

स्टेरॉइडचे थेंब आठवड्याला एकेक वेळ कमी करत साधारण चार ते सहा आठवड्यांत बंद होतात. डोळा पांढरा दिसतोय म्हणून दहाव्या दिवशी बंद केले तर सूज उलटते. दुसऱ्या टोकाला, "या औषधाने थंड वाटतं" म्हणून मेडिकलमधून आणून महिनोन्महिने घालणारी माणसंही येतात. त्याने काही जणांच्या डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होतो, आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. लिहून दिलंय तितके दिवस, तितक्या वेळा. मध, गुलाबजल, एरंडेल, काजळ, तुपाचं बोट, बाळंतिणीचं दूध, हे प्रेमाने सुचवणारी माणसं गावात भेटणारच. त्यांचा मान ठेवा, पण डोळ्यात यातलं काहीही जाऊ देऊ नका.

मधुमेहाबद्दल. ऑपरेशननंतर घरोघरी पथ्य सुरू होतं: आंबट नको, भात नको, वांगं नको, डाळ नको, पू होतो. अन्नाने डोळ्यात पू होत नाही. तो जंतूंनी होतो, आणि बरेचदा ते जंतू रुग्णाच्याच पापण्यांवर आणि कातडीवर असतात. पथ्यापायी आई अर्धपोटी राहिली आणि साखरेची गोळी किंवा इन्सुलिन मात्र ठरल्याप्रमाणे घेतलं, तर साखर एकदम खाली जाऊन चक्कर येऊन पडेल. हे मी पाहिलंय. तिला नेहमीचं जेवू द्या, वरण, भाजी, भाकरी, ताक. साखर घरी मोजत असाल तर या काळात जरा जास्त वेळा मोजा, कारण वाढलेली साखर जखमेलाही वाईट आणि जंतूंना सोयीची. बीपीच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत. सर्जनना सगळ्या गोळ्यांची पाकिटंच दाखवा. पुढे कधी वडिलांचं ऑपरेशन ठरलं आणि ते प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेत असतील, किंवा कधीकाळी घेत होते, तर ते आवर्जून सांगा. त्या गोळीमुळे ऑपरेशनच्या वेळी बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा सैल पडतो, आधी माहीत असेल तर सर्जन तयारीने बसतो.

ऑपरेशनच्या आधी अजून एक बघा: आईच्या पापण्यांच्या कडांना खपल्या, चिपडं येतात का? नाकाजवळच्या कोपऱ्यातून सतत पाणी किंवा पू येतो का? दातात, पायात कुठे पिकलेली जखम आहे का? असेल तर आधी ते बरं करायचं. ऑपरेशन पंधरा दिवस पुढे गेलं तरी मोतीबिंदू सहसा कुठे पळून जात नाही.

हालचालींच्या बाबतीत जुन्या माणसांच्या मनात जुनं ऑपरेशन आहे. तेव्हा बुबुळाच्या कडेने अर्ध्या वर्तुळाएवढा छेद घ्यायचे, टाके घालायचे, आणि रुग्णाला डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून दिवसचे दिवस उताणं ठेवायचे. आज फेकोचा छेद २ ते ३ मिलिमीटरचा असतो, हाताने केलेल्या बिनटाक्याच्या ऑपरेशनचा ६ ते ७ मिलिमीटरचा. आईने उठावं, फिरावं, टीव्ही बघावा, फोनवर नातवंडांशी बोलावं. वाचल्याने डोळा बिघडत नाही. टाळायचं ते डोळ्यावर थेट येणारं: चोळणं, धक्का, घाण पाणी, धूळ, धूर. शक्यतो ऑपरेशन झालेल्या डोळ्याच्या बाजूच्या कुशीवर झोपू नये आणि रात्री डोळ्यावर प्लास्टिकचं भोकाभोकांचं कवच, दवाखान्यात ज्याला शील्ड म्हणतात, ते चिकटवावं. झोपेत हात नकळत डोळ्यावर जातो. विसरभोळेपणाचा आजार असलेल्या माणसाजवळ तर पहिला आठवडा कुणीतरी झोपायलाच हवं.

आंघोळ रोज करावी, पण खांद्यापासून खाली. चेहरा स्वच्छ ओल्या फडक्याने पुसायचा. केस सर्जन सांगतील तेव्हा, साधारण दहा-पंधरा दिवसांनी, डोकं मागे झुकवून दुसऱ्याने धुऊन द्यायचे. चुलीपुढे बसणं, शेणसारवण, गोठा, धान्य पाखडणं, मिरच्या कांडणं यातलं काहीही पहिला महिनाभर नको. पाण्याची कळशी उचलायची नाही. बद्धकोष्ठ आणि खोकला ही दोन दुखणी लोक सांगत नाहीत, पण कुंथताना आणि ठसकताना ताजा छेद ताणला जातो. इसबगोल, कोमट पाणी, आणि खोकला असेल तर ऑपरेशनच्या आधीच औषध.

पडणं या विषयावर कुणी बोलत नाही म्हणून मी जरा जास्त बोलते. पहिल्या दिवशी एका डोळ्यावर पट्टी असते, त्यामुळे पायरी किती खोल आहे याचा अंदाज येत नाही. पट्टी निघाल्यावर जुना चष्मा नव्या डोळ्याला जुळत नाही, एका डोळ्याने एक आणि दुसऱ्याने भलतंच दिसतं. अशात ७४ वर्षांची बाई रात्री लघवीला उठते, मोरी ओली असते, उंबरा उंच असतो. डोळा नीट झाला आणि खुबा मोडला, असं व्हायला नको. पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर छोटा दिवा, मोरीत रबरी मॅट, वाटेतली पायपुसणी उचललेली, उंबऱ्याच्या कडेला पांढऱ्या रंगाचा पट्टा, आणि पहिले आठ दिवस संडासाला जाताना वडिलांचा हात. हे काम मात्र तुम्हीच जाण्याआधी करून ठेवा, वडिलांवर सोडू नका. जुन्या चष्म्याचं काय करायचं, त्या बाजूची काच काढायची का, हे सर्जनना पहिल्याच तपासणीला विचारा.

तपासण्या साधारणपणे दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्या-दीड महिन्याने असतात. पहिल्या दोन सगळे करतात, तिसरी राहते, कारण तोवर छान दिसत असतं. मधुमेहींसाठी तीच महत्त्वाची. पहिले काही आठवडे उत्तम दिसून नंतर मधलंच धूसर होत गेलं, अक्षरं वाकडी दिसू लागली, तर मागच्या पडद्याच्या मध्यभागी पाणी साठलेलं असू शकतं, आणि ते बहुधा चार ते सहा आठवड्यांच्या सुमाराला दिसतं. वेळेत औषध मिळालं तर ते सहसा उतरतं. त्याच भेटीत बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या आणि चष्म्याचा नंबरही तेव्हाच काढा. त्याआधी केलेला चष्मा बरेचदा वाया जातो.

वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा धूसर दिसायला लागलं तर लोक म्हणतात, मोतीबिंदू परत आला. तो परत येत नाही. ऑपरेशनमध्ये बसवलेल्या कृत्रिम भिंगामागच्या पातळ पिशवीवर जाळी धरते, आणि बाह्यरुग्ण विभागात बसल्या बसल्या यॅग लेझरने काही मिनिटांत ती उघडता येते. ऑपरेशनच्या वेळचं कार्ड, ज्यावर बसवलेल्या भिंगाचा नंबर असतो, ते आधारकार्डाबरोबर जपून ठेवा. आणि निघताना दवाखान्याचा रात्रीचा फोन नंबर, फक्त ओपीडीचा नव्हे, मागून घ्या, तो लागतो का ते तिथेच उभं राहून बघा, आणि जाड स्केचपेनाने कागदावर लिहून कॅलेंडरच्या शेजारी भिंतीवर चिकटवा. त्याखाली रात्री गाडी काढू शकेल अशा गावातल्या एका माणसाचाही नंबर लिहा, त्याला आधी विचारून.